गाडी पीत होती त्याची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. ज्याचे वाहन उंदीर, त्यास पेट्रोल लागत नाही की पासिंग लागत नाही, ऐसा सुखी देव प्रथम वंदून, मग वाहनापायी दुःखात पडल्या माणसाची हकीकत सांगतो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, मार्गशीर्ष वद्य द्वितीया, वार शनिवार, ते दिवशी सकाळी आठाचे सुमारास एका सोसायटीच्या आवारात श्रीमंत मार्तंडराव गाडीचे बॉनेट उघडोन उभे राहिले.

श्रीमंतांचे वय चौपन्न, राज्य तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचे, फौजेत एक कुकर आणि एक टेबलफॅन, राणीवसा नाही. स्वभाव बहुत थट्टेखोर. एके साली लिफ्टवर पाटी लाविली की आज लिफ्ट फक्त खाली जाईल, आणि अकरा असामी मुकाट जिना चढोन गेले. एके साली फळ्यावर लिहिले की टाकी धुणे आहे, सर्वांनी आपापला ब्रश आणावा, आणि चौघे आणोन उभे राहिले, पैकी एक दाढीचा घेऊन. परंतु थट्टा एकट्याची होत नाही. खांबामागे तोंडात रुमाल कोंबोन हसणारा एक लागतो, तो हैबतराव दळवी. वीस वर्षांमागे दोघांनी मिळोन पांढरी गाडी घेतली, किल्ल्या दोन, एक मार्तंडरावांकडे आणि एक हैबतीकडे, आणि दर रविवारी दोघे धरणाच्या भिंतीवर जाऊन उकडलेल्या शेंगा खात, टरफले खिशात घालीत, आणि घरी येऊन खिसे झाडताना पुन्हा हसत. ऐसे चालिले होते.

मग चैत्रमासी विपरीत जाहले. हैबतीचे नाक मोठे तिखट. त्याने सायलेन्सरापाशी वाकोन वास घेतला आणि चहाच्या टपरीवर येऊन म्हणाला, "मार्तंडा, गाडी पितेय रे." म्हणजे पेट्रोल जास्त खातेय, इतुकेच. परंतु टपरीवर सात-आठ माणसे होती, आणि माणसे दिसली की श्रीमंतांची जीभ म्यानात राहत नसे. ते म्हणाले, "गाडी नाही रे पीत, हैबती. पिणारा दुसराच आहे, वास त्याचा येतोय." सर्व मंडळी हसली. आता हैबतीने दारू सोडोन ते दिवशी तीन वर्षे दोन महिने जाहले होते, आणि पहिला महिना कैसा गेला हे जगात एकच माणूस जाणत होता, तो हाच मार्तंडराव, जो रोज संध्याकाळी त्याच्या घरी पत्ते घेऊन बसे आणि मुद्दाम हरे. हैबतीही सर्वांबरोबर हसला, चहा संपविला, आणि चालता जाहला. चार गल्ल्या पलीकडे राहतो. आठ महिने आला नाही. श्रीमंतांनीही फोन केला नाही, कारण थट्टा केल्यावर माफी कैसी मागावी हा धडा त्यांनी गिरविलाच नव्हता.

एक गोष्ट मात्र राहिली. हैबतीने किल्ली परत दिली नाही. मार्तंडराव भाजी आणावयास गाडी काढीत, तेव्हा शेजारच्या रिकाम्या सीटकडे न पाहता मनास सांगत की किल्ली त्याजकडे आहे ना, मग ठीक आहे. परंतु गाडी दिवसेंदिवस काळा धूर ओकू लागली, समोर इंजिनाचा पिवळा दिवा पेटला तो विझेना, आणि सोसायटीचे सेक्रेटरी टिपणीस यांचे फर्मान आले की सोमवारी दुपारपर्यंत ही धुराडी बंद करा, नाहीतर भंगारवाल्याशी आमचे बोलणे जाहले आहे. फर्मान वाचोन श्रीमंत जिन्यातच बसले. गाडी गेली म्हणजे दुसऱ्या किल्लीस कुलूप उरणार नव्हते.

आता गाडीच्या आतील राज्यव्यवस्था ऐका, बहुत मौजेची आहे. तेथे एक दिवाण असतो, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, डब्यात बंद, त्यास डोळे नाहीत की नाक नाही. तो सर्व कारभार हेरांच्या बातमीवर करितो, आणि त्या हेरांस लोक सेन्सर म्हणतात. एक हेर धुराच्या नळीत बसोन पेट्रोल जास्त की कमी ते कळवितो. एक हेर इंजिनाच्या पाण्यात बुडोन गार की गरम ते कळवितो. आणि दिवाणाची भाषा माणसास कळत नाही म्हणोन बाजारात एक दुभाष्या मिळतो, काडेपेटीएवढा, तो स्टिअरिंगखाली खोचला की फोनवर बातमी उमटते. श्रीमंतांनी तो आणविला आणि तीन आठवड्यांमागे प्रथम विचारणा केली. दुभाष्याने कळविले की धुराच्या नळीतला हेर ओरडतो आहे, पेट्रोल जास्त, पेट्रोल जास्त. श्रीमंत संतापले. म्हणाले हाच खोटा, हाच कटकट्या. मग गंजल्या नळीवर तेल सोडोन, पाना लावोन, बोटे सोलोन, दोन तासांनी त्यास उपटोन काढिला आणि खिळ्यांच्या डब्यात कैद केला, आणि त्याचे जागी कोरा करकरीत नवा नेमिला. तीन दिवस शांतता. चौथे दिवशी पुन्हा काळा धूर, पुन्हा दिवा, आणि नवा हेरही तेच ओरडू लागला, पेट्रोल जास्त, पेट्रोल जास्त.

म्हणोन शनिवारी श्रीमंत पुन्हा रणात उतरले. या खेपेस त्यांनी एकट्याच्या फिर्यादीवर न जाता सर्व हेरांच्या जबान्या एकेक करून फोनवर पाहिल्या. इंजिन अर्धा तास चालले होते, आणि पाण्यातला हेर कळवीत होता, वीस अंश. श्रीमंतांनी पाण्याच्या रबरी नळीवर हात ठेविला तो असा पोळला की तोंडातून देवाचे नाव न येता भलतेच आले. इंजिन बंद केले, नळी निवेपर्यंत पायरीवर बसले, आणि पुन्हा पाहिले. वीस अंश. तापले तरी वीस, निवाले तरी वीस. हा गृहस्थ पाण्यात बसोन रोज एकच खलिता लिहीत होता की सर्व गार आहे, सर्व ठीक आहे. आणि दिवाण बिचारा, इंजिन थंडीने काकडते समजोन, आणखी पेट्रोल पाजा, आणखी पाजा, ऐसा हुकूम देत होता.

तरीही दुसऱ्यांदा अन्याय नको म्हणोन श्रीमंतांनी त्या हेरास काढोन वर नेले, आणि चहाच्या पातेल्यात पाणी उकळोन मुदपाकखान्यातच न्यायसभा भरविली. मल्टिमीटरच्या दोन तारा त्यास लाविल्या आणि पाण्यात सोडिला. खरा हेर गरम होता त्याचा विजेस होणारा अडथळा घटतो, आणि मीटरवरचा आकडा उतरतो. याचा आकडा हलला नाही. उकळते पाणी नाकातोंडात जाते आहे आणि गृहस्थ म्हणतो मजेत आहे. मग बाजारातून नवा आणोन त्याच पातेल्यात बुडविला, तो आकडा भराभरा उतरला. निवाडा जाहला. तेव्हा श्रीमंतांस हसू यावे, इतुकी मौज होती. परंतु हसण्यास खांबामागे कोणी नव्हते. ते ओट्यास टेकोन उभे राहिले आणि त्यांस आठवले की गेले आठ महिने जो कोणी विचारी, काय मार्तंडराव, कसे काय, त्यास आपण हेच सांगत आलो, मजेत. आणि खिळ्यांच्या डब्यात जो पडला होता, तो खरे बोलत होता. गाडी पीत होती. त्याने सांगितले, आणि त्यासच हाकलिले.

मग डबा उघडिला, जुना हेर काढिला, काजळी रुमालाने पुसली, आणि त्यास खिशात घालोन श्रीमंत खाली गेले. नवा पाण्यातला हेर बसविला, पाणी भरिले, गाडी चालू केली, आणि फोन लाविला. पाचव्या घंटीस हैबतीने उचलिला.

"हैबती, गाडी पीत होती," मार्तंडराव म्हणाले. "तू खरं बोललास. मी घाण बोललो."

हैबती म्हणाला, "कोण कोण उभं आहे तिथं हसायला?"

"कोणी नाही."

"मार्तंडा, तुझं कोणी नाही म्हणजे किती माणसं?"

थट्टेखोर माणूस खरे बोलला तरी त्याच्या शब्दास पत पाण्यातल्या हेराइतकीच. तेव्हा त्यांनी काय केले, तर फोन कानावरून काढिला आणि इंजिनापाशी धरिला. इंजिन एकसारखे घुरघुरत होते. धूर नाही. हैबतीने फोन ठेविला नाही. काही वेळाने बारीक आवाज आला की पंखा लागतो का बघ, गरम झाल्यावर पंखा लागला तर मानेन. आणि मार्तंडरावांस उमगले की आठ महिन्यांत पंख्याचा आवाज एकदाही ऐकिला नव्हता, कारण दिवाणाच्या लेखी इंजिन कधी तापलेच नव्हते.

मग दोघे थांबले. एक आवारात वाकोन, एक चार गल्ल्या पलीकडे. टिपणीस गच्चीवरून पाहत होते की हा माणूस गाडीस फोन का ऐकवितो. हात अवघडला तो बदलिला. आठ मिनिटे गेली, नऊ गेली, कोणी बोलले नाही, आणि आठ महिन्यांत श्रीमंतांस इतुका वेळ कोणाची सोबत जाहली नव्हती. मग टक् जाहले, आणि पंखा फिरला.

"लागला," हैबती म्हणाला.

"लागला."

"उद्या मी येत नाही," हैबती म्हणाला. "इतक्यात नाही. आणि किल्ली मागू नकोस. ती माझ्याकडेच राहील." आणि फोन ठेविला.

रविवारी श्रीमंत एकटेच धरणावर गेले. शेंगा दोन पुड्या घेतल्या, एकच खाल्ली, टरफले खिशात घातली. दुसरी पुडी शेजारच्या सीटवर ठेविली, तिजजवळ काजळीचा जुना हेर ठेविला, आणि हळूहळू परत आले. वाटेत दिवा पेटला नाही. सोमवारी टिपणीसांनी सायलेन्सरास पांढरा रुमाल लावोन पाहिला, तो पांढराच राहिला, आणि फर्मान माघारी गेले.

येणेप्रमाणे पिणाऱ्या गाडीची हकीकत जाहली. पांढरी गाडी सोसायटीत उभी आहे, किल्ल्या अद्याप दोन आहेत, आणि मार्तंडरावांस कोणी कसे काय विचारले, तर हल्ली ते लागलीच उत्तर देत नाहीत, आधी आपल्या आतल्या नळीवर हात ठेवोन पाहतात. लेखनसीमा.