अर्धा नाकतोडा

"या खेपेला माझ्या तासाला कुणी जांभई देऊन दाखवावीच!" असं विंचू सरांनी स्टाफरूममध्ये मूठ आपटून जाहीर केलं. टेबलावरचे चहाचे चारही कप उडाले.

'विंचू' हे नाव अर्थातच मुलांनी ठेवलेलं. सर कॉलेजच्या पहिल्या वर्षाला प्राणिशास्त्र शिकवत आणि बावीस वर्षांत न चिडता त्यांचा एकही तास संपला नव्हता. आता तर चिडायला कारणही होतं. प्राचार्याबाईंनी कळवलं होतं, की सोमवारी समिती तास बघायला येईल, आणि तो पसंत पडला नाही तर पहिल्या वर्षाचा वर्ग वनस्पतिशास्त्राच्या सरांकडे जाईल. जन्मभर बटाट्यावर बोललेला माणूस माझ्या प्राण्यांना हात लावणार? सरांच्या अंगाचा तिळपापड झाला.

म्हणून त्यांनी कॉलेजचं सुतारकाम करणाऱ्या मिस्त्रींना हातभर लांबीचा लाकडी नाकतोडा करायला सांगितला. प्राण्याच्या शरीराची डावी आणि उजवी बाजू कशी हुबेहूब सारखी असते, हे त्यावर दाखवायचं होतं. चित्र सरांनी स्वतः काढलं आणि देताना दमही भरला.

"मागे तुम्ही माशाला पापण्या केल्यात!"

"पापण्या नाहीत तर बिचारा झोपणार कसा, सर?"

"ते माशाचं मासा बघेल! या वेळी चित्रात आहे तेवढंच करायचं. मनाचं एक कुसळही घालायचं नाही!"

सोमवारी तासाला अर्धा तास उरलेला असताना मिस्त्रींनी वर्गात येऊन फडकं दूर केलं. काय चकचकीत पॉलिश! पंखावरची शीर न् शीर कोरलेली! सर खूश होऊन टेबलाच्या पलीकडे गेले आणि तिथेच थिजले. पलीकडून नाकतोडा म्हणजे नुसती सपाट फळी होती. एक डोळा, एक मिशी, तीन पाय, सगळं अलीकडेच.

"दुसरी बाजू कुठाय?"

"चित्रात नव्हती."

"अहो, बाजूने काढलेलं चित्र होतं ते! कीटकाला सहा पाय असतात, सहा! बालवाडीतलं पोरगंसुद्धा सांगेल!"

"मलाही वाटलंच होतं, सर. पण पापण्यांच्या वेळी एवढं ऐकून घेतलं, तेव्हा म्हटलं, आपली अक्कल आपल्यापाशी ठेवावी."

सरांनी खडू फेकला, डस्टर फेकलं. फेकण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा ते मटकन बाकावर बसले. बावीस वर्षांचा वर्ग हातचा चालला होता. चिडून चिडून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी आलं म्हणून ते आणखी चिडले.

मिस्त्रींना वाईट वाटलं. "सर, न्हाव्याच्या दुकानात मी अर्धगोल टेबल केलंय. मागे आरसा आहे, त्यामुळे गिऱ्हाइकाला पूर्ण गोल दिसतं. याला आरसा लावू या?"

"मग बघत काय बसलात? आणा!"

सरांचं घर कॉलेजच्या मागेच होतं. मिस्त्री पळाले आणि दहा मिनिटांत मोठा आरसा घेऊन हजर झाले. फळीची बाजू आरशाला टेकवली, नाकतोड्याच्या डोक्याकडून वाकून पाहिलं, आणि खरंच, दोन डोळे, दोन मिशा, सहा पाय! सरांनी आरसा कुणाचा हे विचारलंच नाही.

समिती आली. सरांनी तास असा रंगवला की वर्ग टक लावून बघत राहिला. समितीचे अध्यक्ष तीनदा वाकून नाकतोडा पाहून गेले. एवढ्यात दार धाडकन उघडलं.

दारात सरांची बायको होती. एका डोळ्यात काजळ, एका कानात डूल, अर्ध्या केसांना पिना आणि अर्धे मोकळे!

"अहो, माझा आरसा कुणी नेला? दूध उतू गेलं म्हणून ओटा पुसायला गेले, तेवढ्यात टेबलावरून आरसाच गायब! मी कामावर अशी जाऊ?"

सरांचे कान लालबुंद. आणि अध्यक्ष टाळ्या वाजवत उठले, "वा! दोन बाजू सारख्या नसल्या तर काय होतं, त्याचंही प्रात्यक्षिक! बाईंनी काम काय झकास केलं!"

वर्ग सरांकडेच राहिला. अध्यक्ष एवढे खूश झाले की त्यांनी आरशाचीही कॉलेजच्या सामानात जागच्या जागी नोंद करायला लावली. म्हणजे तो कायमचा गेला.

बायकोने बोलणं टाकलं. चौथ्या दिवशी सरांनी हार मानली, आरशाच्या नव्या टेबलाचं चित्र समोरून नीट, मापं घालून काढलं आणि मिस्त्रींपुढे आपटलं.

"सर, एक विचारू का?"

"काही विचारू नका! काढलंय तेवढंच करा!"

टेबल आलं आहे. पॉलिश चकचकीत, आरसा मोठा, खणही सुबक. पाय मात्र दोनच, पुढचे. रोज सकाळी बायको आरशासमोर बसून सावकाश केस विंचरते आणि तिचं आवरेपर्यंत मागच्या दोन पायांच्या जागी सर उभे असतात.