तीनशे गजांच्या पुढं

बदनापूरच्या आमच्या गल्लीत काशिनाथ हवालदार पानाची पिंक टाकण्याआधी बोट ओलं करून हवेत धरत. वारा डावीकडून असला तर तोंड जरा डावीकडं वळवीत आणि मग टाकीत. पिंक तरीही समोरच्या दत्तरावांच्या भिंतीवरच पडे. "वाऱ्यानं नेली," ते म्हणत.

पासष्टच्या लढाईला जाऊन आलेला हा माणूस. असे लोक लागलेले नेम सांगतात, हे चुकलेले सांगत. "तीनशे गजांच्या पुढं बंदूक न्हाई, बाबूराव. निस्ता अंदाज." हे वाक्य मी त्यांच्याकडून बारशाला, लग्नाला आणि एका तेराव्यालाही ऐकलं. थ्री-नॉट-थ्री रायफलची गोळी सहाशे गजांवर दोन पुरुष खाली उतरते, वाऱ्यानं दोन हात सरकते, इथवर मला पटे. पण पुढं ते म्हणत, "आन् लागली तरी दम राहत न्हाई. ढेकूळ लागल्यावानी लागती." हे साफ खोटं होतं. तेवढ्या लांबूनही ती माणसातून आरपार जाते. मी एकदा तसं म्हणालो, तर पोळ्यापर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

दत्तरावांना भिंतीवरच्या पिंकांचा राग होता आणि त्यांच्याकडं रानडुकरांसाठी घेतलेली तीनशे पंधरा बोअरची रायफल होती. एका रविवारी त्यांनी मळ्याच्या टोकाला, टेकडीच्या पायथ्याशी, चुना फासलेला रांजण ठेवला. अंतर मलाच मोजायला लावलं. सहाशे गजांना चार कमी भरले. चहाच्या टपरीवरची सगळी माणसं कपबशांसकट मळ्यात आली.

"मारा हवालदार," दत्तराव म्हणाले. "न्हाई लागली तर माझी भिंत तुमी रंगवायची."

"न्हाईच लागत. रंगवतो की."

"मारून तर दाखवा. का सरकारनं फुकटच जेवू घातलं तुमाला?"

लोक हसले. हवालदारांनी पान थुंकलं, पोत्यावर रायफल टेकवली आणि पालथे पडले. बोट ओलं करून वर धरलं. "हवा बिलकुल न्हाई," पुटपुटले. बार झाला आणि तिकडं रांजण फुटला.

शिट्ट्या वाजल्या. दत्तरावांनी मांडीवर थाप मारली आणि भिंत कायमची माफ केली. हवालदार मात्र तसेच पालथे पडून होते. मग उठले, रायफल पोत्यावर ठेवली आणि कुणाकडंही न बघता घरी निघाले.

मी मागोमाग गेलो. ते ओसरीवर बसले होते.

"लागली, बाबूराव."

"लागली की. मंग?"

"लढाईत समोरचा एक जण पाणी आणायला चालल्ता. हातात डबा. सहाशेच गज. हुकूम झाला, आमी तिघांनी झाडली. त्यो खाली बसला, मंग उठला न्हाई. तवापासून मनाला सांगून राह्यलो, माझी नसंल. तेवढ्या लांबून लागतच न्हाई."

मी शेतकी केंद्रावर वाफ्यांच्या उत्पन्नाचे आकडे लिहितो. मला दुसरं काही सुचलं नाही. "भाऊ, एका वाफ्यावरून आम्ही वाण ठरवत न्हाई. आज हवा नव्हती. त्या दिवशी?"

"लई होती. गवत आडवं झाल्तं."

"मंग आजचा रांजण त्या हिशेबात धरता येत न्हाई."

"माझं मन राखायला बोलून राह्यलात?"

"ढेकळाच्या वेळी राखलं होतं का?"

ते किंचित हसले. मग म्हणाले, "पर तिघांतली एक तर लागलीच."

मी ओसरीवर त्यांच्या शेजारी बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीसारखे पान खात दारात आले आणि बोट ओलं करून वर धरलं. समोरच्या लिंबाचं पानही हलत नव्हतं. तरी ते बराच वेळ बोट तसंच धरून उभे राहिले.