मागच्या सीटवरच्या मावशी

गाडीच्या बाबतीत मला कोणी काही शिकवायला येऊ नये! माझे डोळे बांधा, रस्त्याकडे पाठ करून उभं करा. मागून गेलेली गाडी कुठल्या कंपनीची, कितव्या गिअरमध्ये होती आणि चालवणारा घरून भांडून निघालाय की नाही, हे मी नुसत्या आवाजावरून सांगेन. लहानपणी मी जेवणाच्या ताटाचं स्टिअरिंग करून स्वयंपाकघरात चकरा मारायचो. आई गरम पातेलं घेऊन समोर आली की मी तिला आतल्या बाजूने ओव्हरटेक करायचो. एक-दोनदा भाजलो, पण लाइन सोडली नाही!

मोठा झाल्यावर मी विमा कंपनीत लागलो. लोकांनी आपापल्या गाड्या कुठे आणि कशा आपटल्या, हे मी दिवसभर वाचतो. उरलेला वेळ टीव्हीवर रेसिंग बघतो. इतकी वर्षं बघून माझं एक ठाम मत झालंय. मोठा ड्रायव्हर वेगावरून ओळखायचा नसतो, ब्रेकवरून ओळखायचा. तुमच्या-आमच्यासारखा माणूस ब्रेक मारतो. चॅम्पियन तो ठेवतो, झोपलेल्या बाळावर पांघरूण ठेवावं तसा! बायकोला हे मी असंख्य वेळा ऐकवलंय. "मग तू आणलेली अंडी फुटलेली का असतात?" एवढंच ती विचारते.

तर बायकोच्या मावशींचं डोळ्याचं ऑपरेशन झालं. या मावशींनीच तिला लहानाचं मोठं केलं. त्यांचा शब्द म्हणजे सासरचं वरचं कोर्ट. मी त्यांना एकदाच पाहिलं होतं, आमच्या लग्नात, तेही फोटोग्राफरच्या खांद्यावरून. बायको त्यांना सकाळी गावाहून परस्पर दवाखान्यात घेऊन गेली होती. मी ऑफिसातून गाडी घेऊन जायचं आणि दोघींना घरी आणायचं, असं ठरलं.

"डोळ्याला धक्का लागता कामा नये हं," बायकोने फोनवर बजावलं.

"धक्का? मावशींना म्हणावं, काठोकाठ भरलेला पेला मांडीवर ठेवा. थेंब सांडला तर नाव बदलेन!"

दवाखान्यात पोहोचलो, गाडी पार्किंगवाल्याच्या हवाली केली आणि कँटीनमध्ये चहा घेत बसलो. थोड्याच वेळात बायकोचा फोन. "मावशीला खाली आणतेय. गाडी दाराशी लाव."

मी दाराशी आलो तर काय, गाडी आधीच लागलेली! माझी रुपेरी गाडी, इंजिन चालू, किल्ली आतच, एसी सुरू, आणि मागच्या सीटवर पांढऱ्या केसांच्या मावशी, एका डोळ्याला पट्टी. मी लगेच ओळखलं. बायकोने यांना आणून बसवलंय आणि औषधं घ्यायला परत गेलीय.

"आलास एकदाचा!" मावशी म्हणाल्या.

"नमस्कार मावशी! ओळखलंत ना?"

"एका डोळ्याने काय ओळखणार? मला न्यायला येणार होता, तो तूच ना?"

"मीच!"

"मग चल. पाठ अवघडली माझी बसून."

"पण ही यायचीय ना?"

"ती औषधं घेतेय. येईल तिची ती मागून. सांगून ठेवलंय मी. चल तू!"

वरच्या कोर्टाचा हुकूम! मी निघालो.

आता तुम्ही म्हणाल, गाडीत काही वेगळं जाणवलं नाही? जाणवलं ना! सीट मागे सरकलेली होती, पण ते काम पार्किंगवाल्याचं. मंद सुगंध येत होता, तो बायकोने मावशींसाठी मारला असणार. आणि इंजिन! इंजिन लोण्यासारखं चालत होतं. मागच्या आठवड्यात मी स्वतः एअर फिल्टर साफ केला होता. मला माझाच इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले.

"कळतंय का मावशी, ब्रेक कसा लागतोय? कळत नाही ना? तीच तर गंमत! मोठमोठे रेसर वळणाच्या आधी..."

"तू गाडी चालवतोस की रेडिओ?"

मी आवाज जरा कमी केला. मावशी मात्र खुशीत दिसत होत्या. पुढच्या चौकात डावीकडे, मग बागेवरून सरळ, असा रस्ताही त्याच सांगत होत्या. आमचं घर उजवीकडे होतं. पण त्यांचं तारुण्य याच शहरात गेलेलं. म्हटलं, जुन्या आठवणी असतील, फिरू दे जरा.

"हात बरा आहे तुझा," त्या म्हणाल्या. "पण तुझ्या आधीचा होता ना, त्याच्या हाताची सर नाही."

जो ब्रेक मी ठेवणार होतो, तो मारला गेला.

"माझ्या... आधीचा?"

"उंच होता. मिशी होती. दोन वर्षं होता आमच्याकडे."

"दोन वर्षं!"

"हिला तर त्याच्याशिवाय चालायचं नाही. कुठे जायचं म्हटलं की तोच हवा. पण त्याला दुसरीकडे चांगलं मिळालं, गेला सोडून. फार सैरभैर झाली होती बिचारी. शेवटी म्हणाली, आता मिळेल तो घेऊ."

"मिळेल तो?"

"म्हणून तू."

माझ्या कानांतून वाफ निघू लागली. इतक्या वर्षांचा संसार, आणि मी 'मिळेल तो'! तेवढ्यात फोन वाजला. बायको! गाडी कडेला घेतली आणि फोन कानाला लावला.

"तो मिशीवाला कोण?" मी गरजलो.

"कोण मिशीवाला? आहेस कुठे तू? मी आणि मावशी केव्हाच्या दारात उभ्या आहोत!"

"विषय बदलू नकोस. मावशींनी मला सगळं सांगितलंय!"

"मावशी माझ्या शेजारी उभी आहे!"

"मावशी माझ्या मागे बसल्यात!"

 मग बायकोने फार हळू आवाजात विचारलं, "पट्टी कुठल्या डोळ्याला आहे?"

मी आरशात पाहिलं. "उजव्या."

"मावशीचा डावा झालाय. आणि आपली गाडी इथे माझ्यासमोर उभी आहे. काढा, काढा म्हणून पार्किंगवाला ओरडतोय."

मी मागे वळलो. "मावशी... तुम्ही नक्की कोणाच्या मावशी?"

"कोणाचीच नाही. मला भावंडंच नाहीत. सगळे ड्रायव्हर मावशी म्हणतात, मीही चालवून घेते."

ड्रायव्हर! म्हणजे उंच, मिशीवाला, दोन वर्षांचा... एका क्षणात माझा संसार परत उभा राहिला, आणि त्याच क्षणी समोर तुरुंगाचं दार दिसू लागलं.

"मावशी, एक छोटीशी चूक झालीय."

"रस्ता चुकलास?"

"गाडी चुकलो."

मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे तू मला पळवून आणलंस?"

"नकळत हो!"

"मग सावकाश पळव. डॉक्टरांनी धक्के नकोत म्हणून सांगितलंय."

परत आलो तर दवाखान्याच्या दारात गर्दी जमली होती. मध्ये एक बाई फोनवर रडत सांगत होती, "गाडीसकट हो, गाडीसकट सासूबाई गेल्या!" मी थांबतोय तोच रखवालदाराने दार उघडून माझी कॉलर धरली.

"सोड रे त्याला!" मागून आवाज आला. "चोर नाही तो, बावळट आहे."

रखवालदाराला ते पटायला वेळ लागला नाही. सुनेने सासूला मिठी मारली. सकाळी गाडी सुनेनेच चालवत आणली होती. नेमलेला नवा ड्रायव्हर अजूनही पोहोचला नव्हता; वाटेत अडकलोय असा त्याचा फोन आला, तेव्हाच तिला कळलं की सासूबाईंना भलताच कोणी घेऊन गेला.

"यांना कोणी ओळखतं का इथे?" रखवालदाराने माझी कॉलर हलवत विचारलं.

बायको गर्दीतच उभी होती. तिने जरा विचार केला. बराच केला. मग म्हणाली, "आमचेच आहेत."

"कोण गं हा?" तिच्या शेजारच्या, डाव्या डोळ्याला पट्टी बांधलेल्या मावशींनी विचारलं.

"घरी गेल्यावर सांगते."

मी सगळ्यांची माफी मागितली. सुनेने पोलिसांना फोन करून सासूबाई मिळाल्याचं कळवलं. आम्ही निघणार, एवढ्यात माझ्या मावशी, म्हणजे चुकीच्या मावशी, खिडकीची काच खाली करून सुनेला म्हणाल्या, "तो दुसरा आला तर परत पाठव. यालाच ठेव. बोलतो फार, पण खड्डा कळू देत नाही."

सून मला बाजूला घेऊन गेली. "हसू नका," ती म्हणाली. "त्या मिशीवाल्यानंतर आमच्याकडे एकही ड्रायव्हर टिकलेला नाही. आई प्रत्येकाला वाटेतच उतरवतात. आज पहिल्यांदा त्या कोणाबद्दल बरं बोलल्या. तुम्ही काय करता ते मला माहीत नाही, पण विचार करा." आणि तिने पगाराचा आकडा सांगितला.

मी हसलो. बायको हसली नाही. तिने पर्समधून पेन काढून फोन नंबर लिहून घेतला.

घरी जाताना गाडी बायकोनेच चालवली. खऱ्या मावशी पुढे, मी मागे, औषधांची पिशवी मांडीवर घेऊन. मावशींनी दोनदा मागे वळून माझ्याकडे एका डोळ्याने बघितलं.

तो नंबर आमच्या फ्रिजच्या दारावर आहे. "आज ऑफिसात फार डोकं उठलं," असं मी कधी म्हणालो की बायको नुसती फ्रिजकडे बघते.