जीभ दाखवणारे गुणाआबा

आमच्या शेजारचे गुणाआबा भर बाजारात लोकांना जीभ दाखवायचे. वय सत्तरीचे, डोक्यावर काळी टोपी, खांद्यावर उपरणे आणि हनुवटीकडे लोंबणारी ती जीभ! कुणकेश्वरच्या जत्रेत तर त्यांनी खुद्द मामलेदारांना दाखवली. वर म्हणाले, "आता माजी बघा. पोटभर बघा."

मामलेदारांचा गुन्हा एवढाच, की ते आबांच्या नातीकडे टक लावून बघत होते. यमू सात-आठ वर्षांची, आईवेगळी, जन्मापासून सगळ्यातच सावकाश. तिची जीभ तोंडात मावत नसे, खालच्या ओठावर टेकलेली असे. त्यावर गावात जो तो वैद्य! कोण म्हणे, आईने ग्रहणात विळी धरली. कोण म्हणे, जिभेखालची शीर कापा, पोर घडाघडा बोलेल. अरे, तुमच्या जिभा एवढ्या चालतात, त्या कोणी कापल्या का? ऐकून माझे डोके फिरायचे. आबा मात्र जीभ दाखवून पुढे चालू लागायचे.

साठ सालानंतरची गोष्ट. देवळात समाराधना होती. आबा यमूला घेऊन पंगतीत बसले, तसे एक मानकरी धावत आले.

"आबानूं, ह्या चेडवाक मागच्या पडवेर बसवा. लोकांका किळस येता."

देवाच्या दारात हे बोलायला त्या माणसाला लाज कशी वाटली नाही? आबांनी त्याला जीभ दाखवली आणि यमूच्या पानावरचा भात कालवून दिला.

आमच्याकडे शेवटचा माणूस जेवल्याशिवाय पंगत उठत नाही. यमू आपल्या हातानेच जेवायची. तोंडात घातलेला घास जिभेसरशी बाहेर यायचा, ती तो पुन्हा आत सारायची. सगळ्यांचे हात वाळले. कुजबुज सुरू झाली. यमू रडवेली होऊन इकडेतिकडे बघू लागली.

"तिच्यासाठी किती येळ थांबाचा?" मानकरी ओरडले.

"तिच्यासाठी कित्याक? माज्यासाठी थांबा," आबा म्हणाले. "माजा जेवाण खंय झाला?"

मी त्यांच्या शेजारीच होतो. एरवी भराभर जेवून हात धुणाऱ्या या माणसाच्या पानावर मूठभर भात तसाच होता, केव्हाच गार झालेला.

यमूने पान पुसून खाल्ले. मग आबांनी तो गार भात चवीचवीने खायला घेतला.

"म्हातारो अधाशी," कोणीतरी म्हणाले.

आबांनी त्याला जीभ दाखवली नाही. यमू त्यांच्या पानाकडे बोट दाखवून खदखदून हसत होती. आज पंगतीत शेवटची ती नव्हती.