म्यूट न झालेलं गाऱ्हाणं

माकडांनी इंटरनेटची वायर तोडली ती नेमकी गुरुप्रसादच्या मीटिंगच्या सकाळी. आंब्यावरून फणसावर जाताना वाटेत आयता झोपाळा दिसला, त्यावर अख्खा कळप लोंबकळला आणि देवरुखपासून आत असलेल्या त्या वाडीचा जगाशी संबंध संपला.

गुरुप्रसाद पुण्याच्या कंपनीचं काम गावातल्या घरी बसून करायचा. पगार बरा, हवा चांगली, आईच्या हातचं जेवण. लोक म्हणत, पोरानं नशीब काढलान. नशीब काढलेल्या पोराला मात्र महिनाभर झोप नव्हती. कंपनीत माणसं कमी करणार अशी कुजबुज होती. त्याच्या छातीत धडधडायचं, डावा हात जड वाटायचा, आणि मोबाइलवर लक्षणं वाचली की उजवाही जड वाटायचा. शेवटी त्यानं दोन गोष्टी गुपचूप केल्या. रत्नागिरीला जाऊन ईसीजी काढला आणि दुसऱ्या एका कंपनीत अर्ज टाकला. ईसीजी चांगला आला, त्यामुळे तर तो जास्तच घाबरला. म्हणजे जे काही आहे ते मशीनलाही दिसत नव्हतं. हे सगळं फक्त धाकट्या बहिणीला, सानवीला ठाऊक होतं, कारण स्कूटर तिची होती.

"दादा, देवळात रेंज येते," सानवी म्हणाली. "तिथं जाऊन बस. आणि फाशी जाताना करतात तसा चेहरा करू नको."

केदारलिंगाचं देऊळ टेकाडावर. गुरुप्रसाद सभामंडपात एका खांबाआड लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला. त्याच्या वरिष्ठ मृणाली मॅडम एकेकाला कामाचा हिशेब विचारत होत्या. त्याची पाळी शेवटची होती.

तेवढ्यात पायऱ्या चढून त्याची आई तुळसा आली. हातात नारळ, मागे काशीराम गुरव.

"तू हितं कसा?" तुळसा म्हणाली. "बरा झाला. आता समोरच घालू."

गुरुप्रसादनं घाईघाईनं कानातली वायर ओढली. ती लॅपटॉपमधूनही निघाली. "आई, मीटिंग चाललीय. काय घालणार?"

"गाऱ्हाणा. सानवीनं सगळा सांगितलान माला."

"सगळं म्हणजे?"

"सगळा म्हणजे सगळा."

त्याच वेळी मृणाली मॅडमचा आवाज सभामंडपात घुमला, "गुरुप्रसाद, तुझं काय?" त्यानं धडपडत म्यूट काढलं. आणि काशीरामनं हात जोडले.

पूर्वी या मंडपात गाऱ्हाणी पडत ती वेगळी. कुणाची गाभण म्हैस रानातून परतली नाही, कुणाच्या मुंबईच्या चाकरमान्याची खुशाली आली नाही, कुणाची लेक सासरी रमत नाही. काशीरामच्या बापाचा आवाज तेव्हा खालच्या नदीवर धुणं धुणाऱ्या बायकांना ऐकू जाई, आणि त्या हातातलं धुणं ठेवून तिथूनच "व्हय महाराजा" म्हणत. काशीरामनं घराण्याचा आवाज राखला होता.

"बा देवा महाराजा," त्यानं सुरुवात केली.

"व्हय महाराजा," तुळसा म्हणाली.

"हा तुळसाचा गुरुप्रसाद आज तुझ्या पायाशी आलाय. त्याच्या छातीत धडधडतंय, रातीची झोप नाय. रत्नागिरीस जाऊन छातीचा कागद काढून आला, पन घरात बोलला नाय."

"व्हय महाराजा."

गुरुप्रसाद म्यूटचं बटण शोधू लागला. घामानं बोट घसरत होतं. स्क्रीनवरचे सगळे चेहरे फोटोसारखे थिजले होते.

"कंपनीत त्याची साहेबीण हाय, मृणाली. तिच्या मनात काय वाकडा आसंल, ता सरळ कर."

"काका, थांबा जरा," गुरुप्रसाद म्हणाला.

तिथंच चुकलं. गाऱ्हाणं मध्येच तुटलं तर तुकडा देवापुढे ठेवत नाहीत. पहिल्यापासून घालतात, आणि मधल्या खंडाचा दोष लागू नये म्हणून आणखी चढ्या आवाजात. काशीरामनं डोळे मिटले, दम घेतला, आणि छातीच्या धडधडीपासून साहेबिणीपर्यंत सगळं पुन्हा म्हटलं.

"त्या दुसऱ्या कंपनीचा राह्यला," तुळसानं हळूच आठवण केली.

"आनि महाराजा, त्यानं दुसऱ्या कंपनीत अर्ज केलान हाय. ती नोकरी लागू दे, पन ह्या मृणालीला कळू देव नको."

"व्हय महाराजा," तुळसा म्हणाली.

"व्हय महाराजा," लॅपटॉपमधूनही आवाज आला. टीममधला चिपळूणचा बाळा शिगवण जन्माच्या सवयीनं बोलून गेला होता.

गुरुप्रसादनं लॅपटॉप मिटला. काशीरामनं देवाला पाकळ्या लावून कौल मागितला. उजवी पडली तर होकार, डावी तर नकार. उजवी पडली.

"उजवा दिलान देवानं," तुळसा समाधानानं म्हणाली. "चल, पेज निवते घरात."

घरी रेंज नव्हती, त्यामुळे नोकरी गेली की राहिली हे कळायलाही टेकाड चढावं लागणार होतं. दिवसभर त्याचं धाडस झालं नाही. तो ओटीवर बसून स्वतःची नाडी मोजत राहिला, आणि सानवी लांबूनच, "दादा, मी फक्त आईलाच सांगितलं होतं रे," म्हणत राहिली. वायरवाला येऊन नवी वायर ओढून गेला, तरी यानं लॅपटॉप उघडला नाही.

उन्हं कलल्यावर तो कसाबसा देवळात गेला. पायरीवर पाऊल ठेवताच फोन वाजला. मृणाली मॅडम.

"मॅडम, तो अर्ज म्हणजे मी सहजच..."

"ते राहू दे. ईसीजी कसा आला?"

"नॉर्मल."

"माझाही नॉर्मलच आला," त्या म्हणाल्या. मग आवाज बारीक करून त्यांनी विचारलं, "तुमचे ते गुरव फोनवरून घालतात का रे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तुळसानं पुन्हा नारळ आणला. गुरुप्रसादनं मॅडमना फोन लावून तो खांबाला टेकवून ठेवला. काशीरामनं असं कधी केलं नव्हतं, पण तो म्हणाला, "देवाला रेंज लागत नाय. बोल बाय, काय घालू?"

मॅडम अडखळल्या. "वरून हुकूम आलाय. माझ्या टीममधली दोन माणसं मला कमी करायचीयत. नावं मीच द्यायची. महिना झाला, डोळ्याला डोळा नाही."

खांबाआड गुरुप्रसादच्या डाव्या हाताला मुंग्या आल्या. मागोमाग उजव्याही.

"बा देवा महाराजा," काशीरामचा आवाज टेकाडावरून खाली उतरला. "ह्या बायेला दोन लेकरांच्या पोटावर पाय द्यायला लावतायत. ता हुकूम फिरव. तिच्या तोंडातनं कुनाचा नाव निघू देव नको."

"व्हय महाराजा," गुरुप्रसाद असा ओरडला, की नव्या वायरीवर झोके घेणारी माकडं उड्या टाकून पळाली. त्याच्या मागून फोनमधून स्वच्छ पुणेरी "होय महाराजा" आलं.

काशीरामनं पाकळ्या ओल्या केल्या. "आता कौल लावतो. काय ता कळून जाईल."

"नको," फोनमधून आणि खांबाआडून एकदमच आवाज आला.