सूनबाईंनी ठेवलेला चहा

चहा कसा करावा हे मला कुणी शिकवू नये! नाक चोंदलेलं असो, चष्मा हरवलेला असो, माझा चहा बिघडत नाही. त्या दिवशी दोन्ही होतं.

सूनबाईंचा फोन आला. "आई, ओट्यावर चहा ठेवलाय. माझ्या संशोधनाच्या बाई येतील, त्यांना द्या हं!"

जाऊन बघते तर गॅस बंद, पातेलं पालथं! नुसती एक डबी, तीत काळपट चुरा. म्हटलं, हल्लीच्या मुलींचं चहा ठेवणं म्हणजे डबी काढून ठेवणं!

बाई आल्या. मी आधण ठेवून भरभरून चमचे टाकले. गाळणी तुंबली, तिला चमच्याने ढोसलं. बाईंनी एक घोट घेतला आणि त्यांचा चेहरा धुऊन पिळलेल्या फडक्यासारखा झाला.

"वेगळाच आहे... कुठला हो?"

"सुनेने ठेवलेला!"

तेवढ्यात सूनबाई धापा टाकत हजर. "आई, डबी?"

मी पातेल्याकडे बोट दाखवलं.

"अहो, ती चहाच्या झाडाच्या मुळाजवळची माती! आम्ही नमुन्याला झाडाच्याच नावाने हाक मारतो!"

बाईंनी कप इतक्या जपून खाली ठेवला, जणू तो चावेल.

"तिच्यातल्या बुरशीवर माझा सगळा प्रबंध आहे, आई. तेवढ्यासाठी मळ्याचा तो उभा चढ चढले मी." पोरीचे डोळे भरले. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तरी जीभ गप्प बसेल तर शपथ!

"बुरशी झाडाला खाते ना गं?"

"सगळ्या नाही खात. काही मुळांना पाणी, क्षार आणून देतात, झाड त्यांना साखर देतं. काही तर पानाच्या आत राहतात, वरून कळतही नाही."

"अगंबाई! म्हणजे भाडेकरूच की, तेही कामाचे!"

मी डबी उलटी करून ठोकली. चमचाभर माती पडली.

"पुरे एवढी," बाई म्हणाल्या, तेव्हा कुठे सूनबाईंनी श्वास सोडला. "आणि तो गाळही द्या. उकळूनही कुणी जगलंय का, पाहू."

मग काय! सूनबाई घरात शिरल्या, की माझा पहिला प्रश्न, "काही उगवलं का गं?" दवाखान्यातल्या नातेवाइकाची करावी तशी चौकशी!

शेवटी एके दिवशी ती हसतच आली. "डबीतल्या मातीत बुरशी मस्त उगवली, आई! काम वाचलं. आणि तुमच्या गाळातही एक उगवलीय."

"उकळीतून वाचली? बघ, काय चिवट जात!"

"तसं नाही हो..." ती पदर सावरत पुटपुटली. "बाई म्हणतात, ती मातीतली नाहीच. गाळणीतली आहे."