अर्काडी सेम्योनोविचची फूटपट्टी

हे सांगायचं मी दोन वर्षं टाळत आलो. मुलाने विषय काढला की चहा मागायचो, नातीने काढला की चष्मा शोधायला उठायचो. आता एकोणऐंशी चालू आहे. चष्म्याची सबब आणखी किती दिवस पुरणार?

दुबईच्या सिलिकॉन ओएसिसमधल्या आमच्या टॉवरमध्ये, आमच्या खालच्या मजल्यावर एक रशियन गृहस्थ राहायचे. त्यांच्या शर्टाच्या खिशात लाकडी फूटपट्टी असायची. ती खिशातून निघून थेट कानापर्यंत पोचायची. मान वळवली की गालाला लागे. पहिल्या दिवशी खालच्या बाकावर ते माझ्याशेजारी बसले, माझं वर्तमानपत्र मागितलं, रशियाची बातमी शोधली आणि तिच्यावर पट्टी ठेवली.

"सात," ते मोडक्या इंग्रजीत म्हणाले. "काल नऊ." आकडा वहीत लिहिला आणि पेपर नीट घडी घालून परत दिला. बातमी वाचली नव्हती.

अर्काडी म्हटलेलं त्यांना चालत नसे. "वडिलांच्या नावासकट. अर्काडी सेम्योनोविच." मी म्हटलं, आमच्याकडेही मधलं नाव वडिलांचंच असतं. त्यावर ते इतके खूश झाले की मी त्या क्षणापासून मधुकर विष्णुविच झालो. माझ्या वडिलांना जाऊन चाळीस वर्षं झाली होती. रत्नागिरीबाहेर फारसे न गेलेले माझे वडील आता रोज संध्याकाळी दुबईत हाकेत यायचे.

एका गावातल्या शाळेत त्यांनी अडतीस वर्षं इतिहास शिकवला होता. पट्टीचं कारण मी एकदा विचारलं.

"माझ्या नोकरीत तीन वेळा पुस्तक बदललं," ते म्हणाले. "फळा तोच, मास्तर तोच. एक वर्ष तर परीक्षाच रद्द. वरून कळवलं, पुस्तकात खोटं होतं. मी वर्गात सांगितलं, मुलांनो, चूक माझी नाही. मागच्या बाकावरून एकीने विचारलं, मग काल शिकवलं कोणी?"

त्यांनी पट्टी खिशातून काढून माझ्यासमोर धरली.

"शब्द बदलतात, मधुकर विष्णुविच. सेंटिमीटर बदलत नाही."

पाश्चिमात्यांवर त्यांचा राग होता, आणि मला इंग्रजी येत असल्यामुळे तो माझ्यावर निघायचा. 'तुमचा पश्चिम' म्हणायचे, जणू लंडन माझ्या आजोळी होतं. माझी नात सानिका ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळेत. तिचं इतिहासाचं पुस्तक त्यांनी मागून नेलं आणि दुसऱ्या महायुद्धाचा धडा मोजून आणला. "रशियाच्या आघाडीला अकरा सेंटिमीटर. माझे तीन काका परत आले नाहीत. एकेकाला पावणेचार सुद्धा नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमच्या राजाला किती?"

मी सगळं पुस्तक चाळलं. शिवाजी महाराज कुठेच नव्हते. मला वाईट वाटलं हे त्यांना दिसलं असावं, कारण त्यांनी पट्टी खिशात ठेवली आणि खिशातला खजूर मला दिला. त्याला खिशातले धागे चिकटले होते. मी खाल्ला.

ते मुलाकडे राहायचे; तो कंपनीच्या कामाने सतत विमानात. मुलगी जर्मनीत. रशियाची लढाई सुरू झाल्यावर बापलेकीचं बिनसलं होतं; महिन्यातून एकदा तिचा संदेश यायचा. ते फोनच्या काचेवर पट्टी ठेवायचे. "दीड," म्हणायचे आणि तो आकडा वहीच्या शेवटच्या पानावर, वेगळा लिहायचे. पश्चिमेला शिव्या त्या दिवशी जरा जास्त पडायच्या.

बाकावर हळूहळू चार मुलं जमू लागली, सानिकाही. ते फुकट शिकवायचे आणि पाचपैकी गुण द्यायचे. पाच कधीच कोणाला दिले नाहीत. सानिका घरी येऊन म्हणायची, "आजोबा, ही इज सो मीन. आय गॉट टू." पण दुसऱ्या दिवशी पावणेपाचला तीच आधी चप्पल घालायची.

मग तिची सराव परीक्षा झाली. महायुद्धाच्या प्रश्नाला तिने उत्तर लिहिलं की पाठ्यपुस्तकाने रशियाला फक्त अकरा सेंटिमीटर दिले आहेत, सबब प्रश्नच अन्यायाचा आहे. बाईंनी शून्य दिलं.

निखिल, माझा मुलगा, ऑफिसातून आला तो तापलेलाच. "बाबा, पेरेंट्सच्या ग्रुपवर सगळे वैतागलेत. पॉलिटिक्स शिकवतोय तो मुलांना. वरून शिकवायचं परमिट नाही. तुम्ही मॅनेजमेंटला एक फॉर्मल लेटर ड्राफ्ट करा ना. तुमचं इंग्लिश क्लास आहे."

इथे मला म्हणता आलं असतं की आधी मी त्यांच्याशी बोलतो. रोज बोलत होतोच. पण खरं सांगायचं तर मला आनंद झाला. दुबईतल्याच देरा भागातल्या एका ट्रेडिंग ऑफिसात मी एकतीस वर्षं पत्रं लिहिली. उशिरा पोचलेल्या मालाची, फुटलेल्या फरशांची, माफीची, मागणीची. निवृत्तीनंतर माझ्याकडे कोणी एक ओळ मागितली नव्हती. मी दार लावून बसलो. तीनदा मसुदा टाइप केला. 'निदर्शनास आले आहे' असं सुरू करून 'योग्य ती कारवाई व्हावी' इथे संपवलं. खाली नाव नाही, फक्त 'चिंतित रहिवासी'. निखिल वाचून म्हणाला, "बाबा, खलास. एक नंबर." त्या रात्री मला छान झोप लागली. हेच मला सांगायचं होतं.

तिसऱ्या दिवशी बेल वाजली. दारात अर्काडी सेम्योनोविच, हातात त्या पत्राची प्रत. मॅनेजमेंटने लेखी उत्तर मागितलं होतं.

"मधुकर विष्णुविच, मला इंग्रजी पत्र जमत नाही. तुम्ही लिहून द्या."

मी त्यांना आत घेतलं. पत्रावर त्यांनी लाल पेन्सिलने एक स्वल्पविराम सुधारला होता आणि वर कोपऱ्यात ४ लिहिलं होतं.

"लिहिणारा शिकलेला माणूस आहे," ते म्हणाले. मग पत्रावर पट्टी ठेवली. "अठरा सेंटिमीटर. सगळे माझ्याबद्दल." आणि हसले. "इतकं कोणी लिहिलं नव्हतं."

मी त्यांच्या वतीने उत्तर लिहिलं. झाल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहे, हेतू वाईट नव्हता, पुन्हा असं होणार नाही. हात सरावाचा होता, वीस मिनिटांत झालं. त्यांनी सही केली. मग दोन्ही कागद शेजारी ठेवून डाव्या बाजूचा समास मोजला. देऱ्यापासून माझा समास ठरलेला आहे, चार सेंटिमीटर. त्यांनी दोनदा मोजला. माझ्याकडे बघितलं नाही. पट्टी खिशात ठेवली, दोन्ही कागदांची घडी घातली आणि "स्पासिबा" म्हणून गेले. त्याचा अर्थ धन्यवाद, एवढं रशियन मला त्यांनीच शिकवलं होतं.

त्यानंतर बाक रिकामाच. सानिका दोन-तीन दिवस पावणेपाचला चप्पल घालून उभी राहिली, मग तीही थांबली. लिफ्टमध्ये भेट व्हायची. ते "मधुकर विष्णुविच" म्हणून मान लववायचे, मी हवामानाबद्दल बोलायचो. दुबईत हवामानाबद्दल बोलण्यासारखं काय असतं?

दोन महिन्यांनी एका सकाळी ते खाली टॅक्सीजवळ दिसले. एक सूटकेस, एक पुस्तकांची पेटी. गावी परत चालले होते. ड्रायव्हर पेटी आत ढकलत होता आणि "यल्ला, यल्ला", म्हणजे चला चला, करत होता. मी जवळ गेलो. तोंडाशी वाक्य आलेलं होतं, दोन महिने घोकलेलं.

ते आधी बोलले. "मधुकर विष्णुविच, तुमचं पहिलं पत्र, चार." मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "दुसऱ्याला पाच. ते मनापासून लिहिलेलं होतं."

त्यांना सगळं माहीत होतं, आणि त्यांनी मला पाच दिले होते. आता फक्त माझं वाक्य राहिलं होतं.

"पासपोर्ट घेतलात ना?" मी म्हणालो.

त्यांनी खिसा चाचपला, पट्टीच्या मागून पासपोर्ट काढून दाखवला, आणि टॅक्सी गेली.

पत्ता मी मागितला नव्हता. त्यांचा मुलगाही पुढे जागा सोडून गेला. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या माफीची पत्रं लिहिली, त्यांच्याही. माझं स्वतःचं हे एवढंच आहे:

अर्काडी सेम्योनोविच, ते पत्र मी लिहिलं होतं. मला माफ करा.

सानिकाच्या पट्टीने मोजलं. दोन सेंटिमीटरसुद्धा भरत नाही.